चिंचेच्या दिवसांतला तराजू

मागच्या रविवारी मी एका बापाला त्याच्या मुलानंतर चोवीस वर्षांनी जन्माला घातलं.

गणित आठवीच्या पुस्तकातलं होतं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आजची वयं काढा. आमची ऋतुजा वही घेऊन तिच्या आईकडे चालली होती. मी मधेच हात पुढे केला आणि म्हणालो, "आण इकडं, ह्यात काय एवढं." चाळिशीचा चष्मा लावला. क्ष मानला. एक संख्या इकडून तिकडे नेली, दुसरी तिकडून इकडे आणली. मधे एक चिन्ह कुठंतरी गळून पडलं, बाजारातून येताना पिशवीतून लिंबू पडावं तसं. उत्तर आलं: मुलगा उणे बारा, वडील उणे छत्तीस. त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या. एक मारली असती तर माघार घ्यायला जागा राहिली असती.

ऋतुजानं वही सरळ धरून वाचली, तिरपी धरून वाचली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, हा मुलगा अजून जन्मलेला नाही. त्याला बारा वर्षं अवकाश आहे. आणि त्याचे वडील त्याच्याही नंतर चोवीस वर्षांनी येणार आहेत."

"उशिरा का होईना, येतात ना," मी म्हणालो.

तिनं पुस्तकाचं मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथं तराजूचं चित्र होतं. दोन पारडी, मधे ताठ उभा काटा. "आमच्या सरांनी सांगितलंय, समीकरण म्हणजे तराजू. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूला करायचं. चिन्ह बदलायच्या भानगडीतच पडायचं नाही."

"तराजूचं नाव काढू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन, कारण गॅलरीत चिंच फोडत बसलेल्या मायनं हातातली हातोडी थांबवून आत पाहिलं.

जालन्यात मस्तगडच्या आमच्या ह्या घराला अंगण नाही, तेव्हा वर्षाची चिंच गॅलरीतच फुटते. फाल्गुन लागला की गावाकडून पोतं येतं. माय पाय पसरून बसते, पुढ्यात दगडी पाटा, हातात लहानशी लोखंडी हातोडी. टरफल एकीकडे, चिंचोके एकीकडे, गर परातीत. वय झालंय, कमी ऐकू येतं असं तिचं तीच सांगते, पण हातोडी चिंचोक्यावर कधी पडत नाही. त्या आवाजाला एक ठेका आहे. आणि वास आहे. आंबट, धुळीचा, उन्हाचा. नव्या चिंचेचा वास आला की मराठवाड्यातल्या पोराला कळतं, परीक्षा आली. आमच्या तीर्थपुरीत तेव्हा घरोघर हेच चाललेलं असायचं. रस्त्यानं शाळेत जाताना दोन्ही बाजूंनी टक टक टक. बाया चिंच फोडतायत, पोरं पाढे म्हणतायत, आणि दोन्हीचा ठेका एकच. सतराचा पाढा मला आजही हातोडीच्या आवाजाशिवाय येत नाही. हातोडी थांबली की मी एकशे दोनवर अडकतो.

गणितानं मला फार लवकर फसवायला सुरुवात केली. दुसरीत सांगितलं, लहानातून मोठी संख्या जात नाही. मी विश्वास ठेवला. विश्वास म्हणजे किती, तर शेजारच्या पोराशी त्यावरून मारामारी केली. सहावीत तेच लोक म्हणाले, जाते, फक्त उत्तर उणे येतं. गुणाकार केला की वाढतं, म्हणाले. मग अपूर्णांक आले आणि अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं तर पाव. वाढायचं राहिलं बाजूला, होतं ते निम्मं झालं. आणि हे सांगताना कुणाच्या चेहऱ्यावर जरासुद्धा ओशाळेपण नाही. तुला आधी सांगितलं ते खोटं होतं, बाबा, माफ कर, असं एकही गुरुजी म्हणाला नाही. पुढच्या धड्याला निघून गेले.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. संख्यांनी फसवलं तर माणूस चिंचा खायला निघून जातो. सातवीत जे झालं त्याच्यात माणसं होती.

आमचं दुकान होतं. मोठं नव्हे. बाजाराच्या वाटेवर, घराच्याच पुढच्या खोलीत. तेल, मीठ, गूळ, डाळी. वडिलांना मी आणि सगळं गाव अण्णा म्हणायचं. दुकानात आढ्याच्या कडीला एक तराजू टांगलेला असे, पितळी पारड्यांचा. मापाचं पारडं सपाट, मालाचं जरा खोलगट. अण्णा तोलायचे तेव्हा बघण्यासारखं असे. डाळीची धार धरायचे, धार बारीक करायचे, शेवटी दोन बोटांनी दाणे सोडायचे, आणि मग हात मागे घेऊन थांबायचे. काटा हलायचा, हलायचा, आणि मधोमध उभा राहायचा. तो उभा राहिल्याशिवाय पुडी बांधायची नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही. "दम धर. त्याला उभं राहू दे," म्हणायचे. काट्याबद्दल असं बोलायचे, जसं कुणी म्हातारं माणूस उठून उभं राहतंय.

गावात एक बोलणं होतं. अण्णाच्या दुकानाला मोठं माणूस जायची गरज न्हाई, लेकरू धाडलं तरी चालतंय. अण्णांची सगळी कमाई म्हणाल तर हे एवढं वाक्य. बाकी दुकानानं आम्हाला पोटापुरतं दिलं. पण बाजाराच्या दिवशी चार वर्षांची पोरगी फ्रॉकच्या ओच्यात गूळ घेऊन निघाली की अण्णा तिच्याकडे अशा नजरेनं बघायचे, जसा एखादा माणूस स्वतःच्या बांधलेल्या घराकडे बघतो.

ह्या दुकानात काळवणे सर रोज संध्याकाळी यायचे. आम्हाला सातवीला गणित त्यांचंच. परगावचे, खोली करून राहिलेले, एकटे. पोत्यावर बसायचे, पेपर वाचून दाखवायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे. अण्णांना अक्षरओळख जेमतेम, पण सरांशी बोलताना ते पाठ ताठ करून बसायचे. शिकलेला माणूस आपला मित्र आहे, ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, पण दुकानात गर्दी असली की सरांना मुद्दाम मोठ्यानं "या सर, बसा" म्हणायचे.

त्या वर्षी परीक्षा तोंडावर आली आणि आमच्या वर्गाला समीकरण काही केल्या कळेना. क्ष अधिक तीन बरोबर सात. आम्ही सगळे क्षकडे बघत बसलो होतो, क्ष आमच्याकडे. सर कंटाळून दुकानात आले आणि म्हणाले, "अण्णा, उद्या तुमचा तराजू द्या एवढा. पोरांना डोळ्यानं दाखवतो. दुसरा इलाज न्हाई."

अण्णांना काय आनंद झाला ते मी सांगू शकत नाही. त्यांचा तराजू शाळेत जाणार. सर चहा पिऊन गेल्यावरही ते बराच वेळ पारड्यांकडे बघत होते. मला म्हणाले, "मी उद्या पहाटंच जालन्याला माल आणायला जाऊन राह्यलो. तू नीट घेऊन जा. दांडी खांद्यावर, पारडी हातात. साखळ्यांचा गुंता करू नको. अन आपटू नको."

सकाळी मी तोंड धुऊन आलो तर तराजू मायच्या पुढ्यात. परातीत ओली चिंच, आणि माय पारडी घासतीये. पितळेला चिंच लागली की ते जो काही रंग काढतं, तो सोन्यालाही जमत नाही.

"अण्णांनी घासायला सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांनी कशाला सांगाया पाहिजे? शाळंत चाललाय तराजू. मळका धाडू का? मास्तर काय म्हनंल, बाईला हात न्हाईत का घरातल्या?"

तो तराजू घेऊन मी तीर्थपुरीच्या रस्त्यानं निघालो तेव्हा माझ्यासारखा मीच. उन्हात पारडी अशी चमकत होती की चिंच फोडणाऱ्या बायांनी हात थांबवले. एकीनं विचारलं, "बाळू, लग्नाला चालला का रे?" मी मान वळवली नाही. दांडी खांद्यावर होती.

सरांनी फळ्याशेजारच्या खुंटीला तराजू टांगला. पोरं बाकांवर उभी राहिली. सर म्हणाले, "आधी काहीच ठेवायचं न्हाई. इकडं शून्य, तिकडं शून्य. शून्य बरोबर शून्य. बघा आता." आणि हात सोडला.

मालाचं पारडं खाली गेलं.

सरांनी ते हातानं वर उचललं, साखळ्या सरळ केल्या, पुन्हा सोडलं. पुन्हा मालाचंच पारडं खाली. रिकामं पारडं. शेतकऱ्यांची आणि बाजारकऱ्यांची पोरं होती ती, समीकरण कळत नसलं तरी ह्याचा अर्थ त्यांना सांगावा लागणार नव्हता. मालाचं पारडं आधीच जड, म्हणजे माल कमी. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, अण्णाचा काटा हाय ना हा?" आणि वर्ग फुटला.

त्या क्षणी सर काहीही म्हणू शकले असते. साखळी अडकली असेल, खुंटी तिरपी असेल. ज्या माणसाच्या पोत्यावर बसून त्यांनी इतक्या संध्याकाळी काढल्या, त्याच्यासाठी एवढं खोटं चाललं असतं. सर हसले. पोरांबरोबर हसले आणि म्हणाले, "तरीच म्हणलं, माझ्या खोलीवरची डाळ लवकर का संपून राह्यली."

गंमत होती ती. मला आज कळतं की गंमतच होती. सरांनी लगेच खडूचा एक तुकडा उचलून मापाच्या पारड्यात टाकला, काटा मधोमध आला, आणि ते पुढे शिकवायला लागले. आणि काय शिकवलं त्यांनी त्या दिवशी. इकडून दोन उचलले की तिकडून दोन. इकडं अर्धं केलं की तिकडं अर्धं. रुमालात बांधलेला क्ष शेवटी एकटा उरला, सरांनी गाठ सोडली आणि आतून गोट्या निघाल्या, जेवढ्या निघायला पाहिजेत तेवढ्या. सगळ्या वर्गाला एकदम कळलं. मलाही कळलं. आयुष्यात गणित मला एकदाच आरपार कळलंय, आणि ते त्या तासाला, कान लाल झालेले असताना, डोळ्यांतलं पाणी फळ्याकडे बघून मुरवताना. म्हणून मी ते तिथंच टाकून आलो. आजही 'बरोबर'चं चिन्ह बघितलं की मला वाटतं, ह्या दोन रेघांच्या खाली कुणीतरी खडूचा तुकडा ठेवलेला आहे.

मी तराजू परत आणला तेव्हा तो खांद्यावर नव्हता, काखेत होता, साखळ्यांचा गुंता झालेला. दुपारी अण्णा जालन्याहून आले. गोष्ट त्यांच्याआधी घरी पोचली होती, कारण शेजारची काकू येऊन मायला विचारून गेली होती, शाळंत काय झालं म्हनून. अण्णांनी टोपी काढली, पाणी प्यायले. मग तराजू मांडीवर घेऊन मापाचं पारडं उलटं केलं आणि त्याच्या बुडाखालून अंगठा फिरवला. हळूच, एकदाच. माय चुलीपाशी होती. अण्णांनी तराजू कडीला टांगला आणि दुकान उघडलं.

मी दाराशी उभा होतो. मी वाट बघत होतो. अण्णा म्हणतील, असं न्हाई रे, आपला काटा खरा हाय. एवढंच. मी मानलं असतं. माझ्या मानण्याची तयारी होती. ते मिठाचं पोतं पुढं ओढायला लागले.

बाजाराच्या दिवसापर्यंत गावभर झालं होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, तीर्थपुरीची माणसं तशी सभ्य. फक्त आता लेकरं येईनाशी झाली. मोठी माणसं यायची आणि काट्याकडे बघत उभी राहायची. एक बाई तर डाळीची पुडी घेऊन समोरच्या दुकानात तोलायला गेली, आणि बरोबर भरली तरी तिच्या तोंडावर समाधान दिसलं नाही. बरोबर भरली म्हणजे आज सावध होते, एवढंच.

आणि अण्णा बदलले. त्या दिवसानंतर त्यांनी काटा मधोमध उभा राहू दिला नाही. मालाचं पारडं खाली जाईपर्यंत घालायचे, वर अजून चिमूट टाकायचे, आणि काट्याकडे न बघताच पुडी बांधायला घ्यायचे. "दम धर" म्हणणं संपलं. मी ते बघायचो आणि माझ्या बारा वर्षांच्या अकलेनं हिशेब लावायचो: आधी मारलं, आता परत करून राह्यले. म्हणजे पोरं म्हणतात ते खरं. शाळेत मी क्ष काढायला शिकलो नाही, पण घरात मी असा क्ष काढून ठेवला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ही माझी जुनी सवय.

सर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले. नेहमीसारखे. पोत्यावर बसले, पेपर उघडला. त्यांच्या लक्षातच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आपल्या हातून काही झालंय हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? अण्णा "या सर, बसा" म्हणाले, पण हळू. माय मात्र आतून चुलीला ऐकवत होती. "मिठाला जागत न्हाईत माणसं. साप पोसला दुधावर. घरात बसून चहा प्यायचा अन वर्गात जाऊन अब्रू काढायची." तिनं सरांच्या चहातली साखर कमी केली. रोज थोडी थोडी. शेवटी शेवटी तर चहा बिनसाखरेचाच जायचा, आणि सर बिचारे तो चेहरा न बदलता प्यायचे. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा माय बाहेर आली नाही.

त्या उन्हाळ्याचे माझ्याकडे तुकडेच उरलेत. दुकानासमोरच्या धुळीत वावटळ फिरायची ते. परीक्षेच्या पुठ्ठ्यावर ठेवलेला हात घामानं चिकटायचा ते. समीकरणाचा प्रश्न आला होता, मी तो सोडून दिला आणि भूमितीवर पास झालो, कारण त्रिकोण कुणाच्या दुकानात टांगलेले नसतात. आणि एक आठवतं. समोरून चार वर्षांची ती पोरगी चालली होती, हातात गूळ, समोरच्या दुकानातला. अण्णांनी तिला पाहिलं आणि ते फडक्यानं हिशेबाची पाटी पुसायला लागले. पाटी स्वच्छच होती.

पुढं मी बारावी झालो आणि कॉलेजला जालन्याला यायचं ठरलं. अण्णा पोचवायला आले. दुकानात तोवर टेबलावरचा काटा आला होता, म्हणून जुना तराजू त्यांनी पोत्यात घालून बरोबर घेतला होता, पितळ मोडायला. एसटीत तो आमच्या दोघांच्या पायांमधे होता आणि प्रत्येक खड्ड्याला वाजत होता. मला लाज वाटत होती. लोक विचारतील, हे काय आहे.

जुन्या जालन्यातल्या एका भांड्याच्या दुकानात अण्णांनी तो काढला. दुकानदारानं पारडं उलटं केलं आणि नखानं खरवडत विचारलं, "हे मेण कायका है काका? निकालना पडेगा, वजन में नहीं पकडता मैं."

"निकालो," अण्णा म्हणाले. "एक बाजूची साखळी तुटली होती. दुसरी टाकली ती हलकी निघाली. मंग त्या पारड्याला खालून मेण लावलं, मेणात शिशाची गोळी. तेव्हा कुठं बराबर झाला."

दुकानदारानं चाकूनं मेण काढलं. त्याच्या आत करड्या रंगाची, मिरीएवढी गोळी होती. ती टेबलावर घरंगळत जाऊन थांबली.

मी अण्णांकडे बघितलं. ते पितळेकडे बघत होते. मग तशीच मान ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या मायनं घासलं तव्हा निघालं. मागून मी पुन्हा लावलं. तिला ठावं न्हाई. बोलू नको."

"मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? गावात फिरून म्हणू का, माझा काटा खरा हाय, माझ्या बाईनं बिघडवला? कुणी मानलं नसतं. अन ती जल्मभर त्या चिंचेला हात लावताना दचकली असती."

"पण मला, अण्णा?"

ते पायातली चप्पल नीट करायला वाकले. आम्ही उसाचा रस प्यायलो. दोन ग्लास भरून आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या ग्लासातला थोडा माझ्या ग्लासात ओतला, दोन्ही बरोबर भरलेले असताना.

सरांनी फसवलं, हे मी पचवलं होतं. पण हे मला पचलं नाही. सातवीपासून बारावीपर्यंत मी त्या माणसाच्या घरात, त्याच्या ताटाशेजारी बसून जेवलो आणि मनात त्याला काटा मारणारा समजत राहिलो. त्याला ते दिसत नसेल? दिसत असणारच. पोराच्या डोळ्यांत स्वतःची किंमत उतरताना बापाला दिसते. त्यानं ती उतरू दिली. आपल्यावर एवढाही विश्वास टाकला नाही, याचा राग मी अण्णांवर ते असेपर्यंत धरला आणि ते गेल्यावरही सोडला नाही. आज मी एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात माल तोलून बाहेर पाठवायचं काम बघतो. रोज सकाळी यंत्राचा काटा शून्यावर आणायचा असतो, नुसतं एक बटण दाबायचं. शून्य बरोबर शून्य. मी ते बटण दोनदा दाबतो. पोरं हसतात, "साहेब, झालंय की शून्य." मला माहीत आहे झालंय.

तर हे सगळं मी रविवारी ऋतुजाला सांगितलं. तिनं तराजूचं नाव काढलं म्हणून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर आपण समीकरणात कच्चे का, याला जरा वजनदार कारण मिळावं म्हणूनही सांगितलं. जालन्याच्या दुकानातल्या मेणापर्यंत आलो तेव्हा आवाज खाली आणला. गॅलरीत माय होती. तिला कमी ऐकू येतं. मी कुजबुजलो, "आजीनं चिंचेनं घासलं ना, त्यात ते मेण निघून गेलं. आजीला अजून माहीत नाही. अण्णांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

हातोडीची टकटक चालूच होती. तिच्यातच माय म्हणाली, "चिंचेनं निघंना ते. उलथन्यानं काढलं."

मागून माझी बायको, मीरा, येत होती. ती मीठ घेऊन गॅलरीत चालली होती, दारातच थांबली.

"माय, तुला ठाऊक होतं?"

"काळं काळं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं घाण हाय. चांगला जोर लावला, तव्हा निघालं." तिनं एक चिंच उचलली, फोडली, गर परातीत टाकला. "दुपारी तुझे अण्णा आले. पारडं उलटं केलं, अंगठा फिरवला. अन माझ्याकडं बघितलं न्हाई. त्यांनी बघितलं असतं तर मी इचारलं असतं. न्हाई बघितलं, तव्हाच समजलं."

"मग सरांना एवढ्या शिव्या?"

"कुणाला तरी द्याव्याच लागत होत्या."

"त्यांचा चहा पण..."

"ते तेवढं वाईट झालं," माय म्हणाली. "गोड खायचा मास्तर."

"अन अण्णांना कधी बोलली न्हाईस? एवढी वर्षं?"

माय माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मीच काहीतरी येड्यासारखं विचारलंय. "त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवलं. गावात खाली मान घालून फिरले. अन मी जाऊन सांगू, मला ठावं हाय म्हनून? मंग त्यांनी झाकलेलं वाया न्हाई गेलं?"

आणि पुन्हा टक टक.

ऋतुजानं पेन्सिलीचं टोक गालाला लावलं होतं. म्हणाली, "म्हणजे आजोबांना माहीत होतं. आजीला माहीत होतं. त्या घरात क्ष फक्त तुम्ही होतात, बाबा." मग तिनं माझी दोन रेघांची समीकरणं खोडली आणि पहिल्यापासून मांडायला घेतली. मुलगा बारा, वडील छत्तीस. एका मिनिटात. सातवीत मी तेवढाच होतो आणि अण्णाही जवळपास तेवढेच असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. छत्तीस म्हणजे पोरगंच की. माझ्या हाताखाली कारखान्यात छत्तीस वर्षांची पोरं आहेत, त्यांना मी अरे-तुरे करतो.

दुपारी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. दोन भाकरी खाल्ल्या फक्त. माय गॅलरीतच पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली होती. मीरा परातीतल्या गराला मीठ लावून गोळे वळत होती आणि मी तिच्या समोर पाटावर बसून तक्रार करत होतो. सरांनी एक वेळ माझी अब्रू घेतली ते सोड, म्हणालो, परका माणूस. पण ह्या दोघांनी? एक मला खोटा बाप दाखवत राहिला, दुसरी खोट्या शिव्या ऐकवत राहिली. एकमेकांना सांभाळलं, आणि मधे मी एकटा खुळ्यासारखा. एकाला तरी वाटलं का, ह्या पोराला सांगावं? घरच्याच माणसांनी असं करावं का?

मीरानं हातातला गोळा दाबून गोल केला, बरणीत ठेवला, आणि मिठाचे हात परातीच्या काठाला निपटत म्हणाली, "बरं केलं त्यांनी तुम्हाला सांगितलं न्हाई. तुम्ही त्याच संध्याकाळी मायचं अण्णांना अन अण्णांचं मायला सांगून बसला असता, अन मंग त्या दोघांना एकमेकांसाठी झाकायला काय राह्यलं असतं?"